फार्मसीला स्कोप आहे का, विचारणाऱ्या सगळ्यांना एकदाच

आमच्या अख्ख्या नात्यात फार्मसी केलेली मी एकटी, त्यामुळे सीईटीचा निकाल लागला की माझा फोन गरम. कुणाची नणंद, कुणाचा भाचा, कुणाच्या मैत्रिणीचा मुलगा, आणि प्रश्न एकच, स्कोप आहे का. यंदा मावसभावाचा नंबर लागलाय. पीसीबीला पर्सेंटाईल ठीकठाक, नीटच्या स्कोअरचा विषय घरात कुणी काढत नाही, मावशीला वाटतं निदान मेडिकल लाईन तरी सुटू नये, आणि काकांचं म्हणणं गावाबाहेर फाट्यावर नवीन फार्मसी कॉलेज निघालंय, ट्रस्टी ओळखीचे आहेत, पोरगं दुपारी जेवायला घरी येईल. पोरगं मला व्हॉट्सअ‍ॅपवर विचारतंय, "ताई खरं सांग ना, घेऊ का?" व्हॉईस नोटा पाठवून घसा बसला म्हणून आता लिहूनच काढते, पुढच्या वर्षी जो विचारेल त्याला लिंक पाठवायला बरी.

आधी त्या फाट्यावरच्या कॉलेजचं बघू. ही कॉलेजं एकदम एवढी कुठून उगवली? तर २०१९ मध्ये फार्मसी कौन्सिलने, म्हणजे पीसीआयने, ठरवलं होतं की २०२०-२१ पासून पाच वर्षं नवीन डी.फार्म (डिप्लोमा), बी.फार्म (डिग्री) कॉलेजांना परवानगी नाही, कारण आहेत तीच रगड झालीत. संस्थावाले कोर्टात गेले. सप्टेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की बंदी घालायची तर कायद्यानुसार रेग्युलेशन करून घाला, नुसतं ठरावाचं पत्रक काढून कुणाचा कॉलेज काढायचा हक्क अडवता येत नाही. झालं, धरणाचा दरवाजा उघडला. त्यात नुकताच कोविड होऊन गेलेला, औषधांच्या दुकानांसमोरच्या रांगा सगळ्यांनी बघितलेल्या, पालकांना वाटलं हा धंदा काही बुडत नाही. आमच्या भागात तर ज्या इमारतींवर पूर्वी डी.एड. कॉलेजची पाटी होती तिथे आता फार्मसीची पाटी आहे, इमारत तीच, वॉचमनही तोच. डी.एड.वाल्यांचं पुढे काय झालं ते ज्यांच्या घरात डी.एड. झालेली वहिनी आहे त्यांना वेगळं सांगायला नको.

तरी फार्मसीचं डी.एड.सारखं अगदी पाणी होणार नाही असं मला वाटतं, आणि त्याचं कारण कायदा आहे. १९४८ चा फार्मसी अ‍ॅक्ट म्हणतो की डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध रजिस्टर्ड फार्मासिस्टनेच द्यायचं. दुकानाचं लायसन्स काढायचं तर दहा चौरस मीटर जागा, फ्रीज आणि एक रजिस्टर्ड फार्मासिस्ट दाखवावा लागतो. म्हणजे प्रत्येक मेडिकलला एक माणूस लागणारच, कायद्यानेच. ऐकायला भारी वाटतं ना? गोम इथेच आहे. कायद्याने दुकानदाराला लागतो तो कागद. भिंतीवर फ्रेममध्ये लावलेलं सर्टिफिकेट. माणूस त्याच्यासोबत आला काय, न आला काय, बऱ्याच ठिकाणी दुकानदाराला फरक पडत नाही, उलट आला तर खुर्ची अडते. "सर्टिफिकेट लावलंय" हे वाक्य आमच्या लाईनीत इतकं सहज बोललं जातं की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला त्यात बेकायदेशीर काही आहे हेच कळत नाही. २०१२-१३ च्या सुमारास महेश झगडे राज्याच्या एफडीएचे, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाचे, आयुक्त असताना फार्मासिस्ट हजर नाही म्हणून धडाधड कारवाया झाल्या, केमिस्ट लोकांनी बंद पुकारले, तेव्हा कुठे काउंटरवर खरेखुरे फार्मासिस्ट दिसायला लागले. पण कागदाला भाव असेल तर कागद वाढले की भाव पडणार, हे कुठला आयुक्त बदलणार? दर वर्षी हजारो नवीन कागद छापून बाहेर पडतायत, मग दुकानदाराने तुला जास्त का द्यावेत? तुझ्या मागे अजून दहा जण फाईल घेऊन उभे आहेत.

हे मी ऐकीव नाही सांगत. डी.फार्म झाल्यावर मी एका तालुक्याच्या गावी मेडिकलमध्ये उभी राहिलेय, आणि उभी म्हणजे शब्दशः उभी. वर डॉक्टरांची ओपीडी, खाली आमचं दुकान, सहा वाजले की जिना भरून माणसं खाली. चिठ्ठी हातात आली की मी एकेक अक्षर लावत बसायची आणि तोवर आमचा सुभान्या (नाव बदललंय) तीन गिऱ्हाईकं काढायचा. दहावी नापास, पण पंधरा वर्षं त्याच काउंटरला, डॉक्टरने नुसती वेलांटी काढली तरी हा कप्प्यातून बरोबर स्ट्रिप ओढणार. बाई म्हणायची पाच दिवसांच्या गोळ्या परवडत नाहीत, दोन दिवसांच्या द्या, हा कात्रीने कचकन कापून द्यायचा, आणि कापताना एक्सपायरीचा भाग नेमका गिऱ्हाईकाकडे जायचा, आमच्याकडे बिनतारखेचा तुकडा. मी अँटिबायोटिकचा कोर्स पुरा करा म्हणून सांगायला गेले की मालक मागून घसा खाकरायचे, म्हणजे मॅडम गर्दी बघा. एच-वनचं रजिस्टर, ज्यात सेफिक्झिम, ट्रामाडॉल, अल्प्राझोलाम असल्या औषधांची प्रत्येक विक्री पेशंटच्या आणि डॉक्टरच्या नावानिशी लिहायची असते, ते रात्री दुकान बंद करताना एका बैठकीत भरलं जायचं, आणि नावं कुठून यायची ते विचारू नका. पगार सुभान्याला माझ्यापेक्षा जास्त होता. मला राग आला नाही खरं सांगते, कारण दुकानाला काम त्याचं लागत होतं आणि माझी फक्त फ्रेम. आमच्याकडच्या तालुक्यांत आजही नवीन डी.फार्मला दहा-बारा हजार म्हणतात, पुण्यात मोठ्या चेनमध्ये सोळा ते वीस, आणि पुण्यात कॉट बेसिसवर राहून वीसमध्ये काय उरतं ते तुम्हीच हिशोब करा.

आता कुणी म्हणेल नोकरी कशाला, स्वतःचं मेडिकल टाकू. काका पण तेच म्हणाले, "आपला गाळा आहे की." गाळा असेल तर गोष्ट खरंच वेगळी आहे, पण आधी हिशोब ऐका. सरकारने किंमत बांधलेल्या औषधांवर २०१३ च्या किंमत आदेशाप्रमाणे रिटेलरला १६ टक्के, बाकीच्यांवर २० टक्क्यांचा रिवाज. धरा सरसकट वीस. रोजचा गल्ला दहा हजार, म्हणजे नवीन दुकानाला तो पण पहिल्या दिवसापासून होत नाही, तरी धरा. महिन्याला तीन लाख, मार्जिन साठ हजार. समोरच्याने दहा टक्के डिस्काउंटचा बोर्ड लावलाय म्हणून तुम्ही पण लावला, तीस हजार तिथेच गेले. भाडं बारा, पोरगा नऊ, फ्रीज एसीचं लाईट बिल चार, हातात पाच हजार, त्यातून एक्सपायरी आणि बँकेचं व्याज. आणि बोर्ड दहाचा राहिलाय कुठे, चेनवाले आणि ॲपवाले वीस-वीस टक्के देतायत, गोळ्या घरी आणून टाकतायत. ऑनलाईन विक्रीचे नियम म्हणून २०१८ मध्ये मसुदा आला, अजून मसुदाच आहे, तोवर सगळ्यांच्या मोबाईलमध्ये ॲप आलं. मग मेडिकलवाले जगतात कसे? तर ज्या जेनेरिकवर छापील किंमत शंभर आणि खरेदी तीस-चाळीस, ते पुढे सरकवून, आणि डॉक्टरच्या बाजूला गाळा पकडून. गाळ्याची खरी किंमत तो कुठल्या डॉक्टरच्या जिन्याखाली आहे त्यावर असते. काकांचा गाळा ग्रामीण रुग्णालयाच्या रस्त्याला आहे, त्यात भाडं वाचतं, म्हणजे वरच्या हिशोबात बारा हजार परत आले, म्हणून त्यांना मी सरळ सांगितलं की दुकानच टाकायचं असेल तर पोराला चार वर्षं बी.फार्मला घालू नका, डी.फार्म दोन वर्षांचं पुरतं. फक्त आता डी.फार्मला पण नोंदणीआधी एक्झिट एक्झाम ठेवलीय, २०२२ च्या रेग्युलेशनने, त्यामुळे कॉलेजला न जाता पास होण्याचे दिवस गेले असं समजूनच घ्यायचं.

बी.फार्म कशाला मग? कंपनीसाठी. आणि इथे मात्र मला थोडं चांगलं बोलता येतं, कारण मी डी.फार्मवरून डायरेक्ट सेकंड इयरला जाऊन बी.फार्म केलं आणि तेव्हापासून क्वालिटी कंट्रोलला (क्यूसीला) आहे. कंपनीत कागद गेटपर्यंतच चालतो. आत गेलं की हात बघतात. डिसोल्युशन, म्हणजे गोळी किती विरघळते ती टेस्ट, लावायचं म्हणजे सहा भांडी, बहुतेक वेळा प्रत्येकात ९०० मिली मीडिया (गोळी ज्यात विरघळते ते द्रावण), ३७ अंश, सहा गोळ्या ठरलेल्या अंतराने सोडायच्या, अर्ध्या तासाने त्याच क्रमाने सॅम्पल काढायचं, फिल्टर करायचं, पहिले काही मिली टाकून द्यायचे. निदान ८० टक्के औषध विरघळावं अशी मर्यादा असेल तर पहिल्या फेरीत सहाच्या सहा गोळ्या ८५ किंवा वर पाहिजेत. एक जरी ८४ आली की आणखी सहा लावायच्या, आणि हे नेमकं शिफ्ट संपायला वीस मिनिटं असताना होतं, बस बाहेर हॉर्न मारत असते. मग इन्व्हेस्टिगेशन निघालं तर मीडिया कोणी बनवला, पीएच मीटर कधी कॅलिब्रेट केला, एचपीएलसीच्या (गोळीत औषध किती ते मोजायच्या मशीनच्या) ऑडिट ट्रेलमध्ये कोणी काय बदललं, सगळं निघतं. पेनाने खोडलं तर एकच आडवी रेघ, सही, तारीख, कारण. कंटाळवाणं वाटतं ना? मला आवडतं. ज्याला असलं काम डोक्यात जातं त्याने कंपनीच्या वाटेला जाऊ नये, कारण नव्वद टक्के काम हेच आहे, टीव्हीतल्यासारखं नवीन औषध कुणी शोधत नाहीये इथे.

पण क्यूसीला स्पर्धा बी.एस्सी., एम.एस्सी. केमिस्ट्रीवाल्यांची पण आहे आणि ते कमी पगारात येतात. बी.फार्मला खरा फायदा प्रॉडक्शनला, जो कॉलेजात कुणी सांगत नाही. कायद्याने औषध बनवताना तिथे पात्र टेक्निकल माणूस लागतो, बी.फार्म असेल तर १८ महिने अनुभव पुरतो, केमिस्ट्रीच्या बी.एस्सी.ला तीन वर्षं लागतात. त्या अनुभवावर एफडीएचं अप्रूव्हल मिळतं, टॅब्लेटचं, कॅप्सूलचं, इंजेक्शनचं ज्याचं काम केलं त्याचं, आणि एकदा "एफडीए अप्रूव्हड" झालात की वॉक-इनच्या (थेट मुलाखतीच्या) जाहिरातीत तुमचा वेगळा कॉलम असतो. पगार पहिल्यांदा तिथे हलतो. पोरं मात्र एसी केबिन म्हणून क्यूए (क्वालिटी अ‍ॅश्युरन्स) मागत बसतात, ग्रॅन्युलेशनच्या, म्हणजे पावडरचे दाणे करायच्या, धुळीत गाऊन घालून नाईट करायला नको असतं. (मुलींना हा सल्ला द्यायची पण सोय नाही, बऱ्याच जाहिरातींत प्रॉडक्शनसमोर ओन्ली मेल असं छापून मोकळे होतात, वर म्हणतात फार्मसीला मुली जास्त येतात.)

वॉक-इन बघायचं असेल तर एकदा रविवारी सकाळी संभाजीनगरला कुठल्याही बरं नाव असलेल्या हॉटेलच्या पार्किंगमध्ये जाऊन या. आठ वाजल्यापासून फाईली घेतलेली पोरं, नांदेडवरून रात्रीच्या गाडीने आलेली, बूट हॉटेलच्या नळावर पुसतायत, फॉर्मवर करंट सीटीसी, एक्स्पेक्टेड सीटीसी, नोटीस पिरियड. फ्रेशर म्हटलं की फॉर्म वेगळ्या गठ्ठ्यात, आणि तो गठ्ठा दुपारपर्यंत कुणी उघडत नाही. तरी वर्षभर चिकाटीने हे केलेली पोरं लागतात, वाळूजला, शेंद्र्याला, कुरकुंभला, तारापूरला, सिन्नरला, गोव्यात वेर्ण्याला, नाहीतर सरळ दमण, सिल्व्हासा, बद्दी, सिक्कीम. पहिला पगार पंधरा-अठरा-वीस, तीन-चार वर्षांनी कंपनी बदलत बदलत माणसात येतो. मुद्दा एवढाच की हे जेवायला घरी येणाऱ्याचं काम नाही.

बाकीचे रस्ते भरभर सांगते. एमआर, म्हणजे डॉक्टरांकडे फिरून कंपनीची औषधं सांगणारा, तिथे बी.फार्मच लागतं असं नाही, बोलणारा आणि फिरणारा लागतो, पैसे मिळतात, टार्गेटने केस पांढरे होतात. फार्माकोव्हिजिलन्स, म्हणजे औषधांचे दुष्परिणाम नोंदवायची ऑफिसातली नोकरी, पुणे-ऐरोलीकडे बरीच आहे, इंग्रजी चांगलं असेल तर बघाच, पण तिथे तुमच्यासोबत बीडीएस, बीएचएमएस सगळे अर्ज करतात, साध्या केसेस आता सॉफ्टवेअरच वाचायला लागलंय, आणि त्यासाठी "शंभर टक्के प्लेसमेंट"वाल्या क्लासला साठ-सत्तर हजार भरू नका, कृपा करा. एम.फार्म करायचं तर जीपॅट (त्याची प्रवेश परीक्षा) काढून, महिन्याला १२,४०० स्टायपेंड मिळतो, नायपर (केंद्र सरकारची फार्मसीची संस्था) मिळालं तर डोळे झाकून जा, पण डोनेशन देऊन कुठेतरी एम.फार्म म्हणजे नाकापेक्षा मोती जड, कारण कंपनी नंतर ओव्हर-क्वालिफाईड म्हणते. फार्म.डी. (डॉक्टर ऑफ फार्मसी) सहा वर्षांचं, इथल्या हॉस्पिटलांना क्लिनिकल फार्मासिस्टचं काय करायचं तेच अजून नीट ठरलेलं नाही. बाहेरदेशाचं डोक्यात असेल तर आत्ताच बघून ठेवा, २००३ नंतरच्या चार वर्षांच्या बी.फार्मवर अमेरिकेत फार्मासिस्टच्या परीक्षेला बसता येत नाही, फार्म.डी.वर येतं, आखातात आणि कॅनडात वेगळे नियम. सरकारी म्हणाल तर जिल्हा परिषदेत औषध निर्माण अधिकारी, एमपीएससीतून औषध निरीक्षक, दोन्ही चांगल्या नोकऱ्या, पण २०२३ च्या जिल्हा परिषद मेगाभरतीसाठी लोक किती वर्षं थांबले होते ते आठवा आणि मग ठरवा की त्या आशेवर घरी बसायचं का.

तर माझं मत. गाळा आणि भांडवल घरचं असेल तर डी.फार्म. कंपनीत जायची, घर सोडायची, नाईट करायची तयारी असेल तर बी.फार्म, पण सरकारी कॉलेज (अमरावती, संभाजीनगर, कराड, रत्नागिरी) किंवा ज्याचे माजी विद्यार्थी कंपन्यांत भरलेत असं जुनं कॉलेज मिळत असेल तरच. आमच्या लाईनीत पहिली नोकरी सिनियरच्या फोनवर लागते, नवीन कॉलेजला सिनियरच नसतात, हा त्यांचा सगळ्यात मोठा तोटा, बिल्डिंग कितीही चकाचक असू दे. आणि दोन्ही नसेल, नुसतं घराजवळ आहे आणि ट्रस्टी ओळखीचे आहेत म्हणून वर्षाला लाखाच्या आसपास फी भरणार असाल तर त्यापेक्षा बी.एस्सी. केमिस्ट्री करा, क्यूसीत ते पण माझ्या शेजारीच बसतात. (मुलींचं गणित थोडं वेगळं, २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर ईडब्ल्यूएस, ओबीसी, एसईबीसी मुलींना कॅपमधून (सरकारी प्रवेश फेरीतून) प्रवेशावर शिक्षण शुल्क माफ आहे, तिथे जोखीम कमी होते.) हे वाचून काका माझ्यावर नाराज होणार आहेत, होऊ देत, आकाडीला मटण खायला बोलावतील तेव्हा भांडू.

आणि कॉलेज बघायला जाशील तेव्हा, हे तुझ्यासाठी रे, एचपीएलसी आहे का असं विचारू नको, सगळे हो म्हणतात, मशीन दाखवतात पण, प्लॅस्टिकचं कव्हर घातलेलं. लॉगबुक दाखवा म्हण. प्रत्येक मशीनशेजारी एक रजिस्टर असतं, कोणी, कधी, कशासाठी वापरलं त्याचं. शेवटच्या काही एंट्र्यांच्या तारखा बघ, पोरांच्या नावाने आहेत का बघ. रजिस्टर सापडेना झालं किंवा सगळ्या एंट्र्या इन्स्पेक्शनच्या आठवड्यातल्या निघाल्या, तर चहा घे, थँक्यू म्हण, आणि कॅपच्या ऑप्शन फॉर्ममध्ये त्या कॉलेजचा कोडच टाकू नको.